मदत हवी आहे : मंगल कार्यालयात ५० खाटांचं तात्पुरतं रुग्णालय

नमस्कार मंडळी. पुन्हा कोविडसारखी साथ आली तर काय, म्हणून आमच्या तालुक्याचा आराखडा करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. जागा म्हणजे एक मंगल कार्यालय. खाटा, गाद्या, पडदे मिळतील, ती काळजी नाही. घोडं अडलंय ऑक्सिजनवर.

जंबो सिलिंडरमध्ये साधारण ७ हजार लिटर. २० रुग्णांना मिनिटाला १० लिटर धरलं तर दिवसाला ४१ सिलिंडर लागतात. हाय फ्लोवरच्या (नाकातून जोरात ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रावरच्या) एका रुग्णाला ६० लिटर दिलं तर एक सिलिंडर दोन तासही पुरत नाही! रात्री तीनला हे बदलणार कोण? मागच्या वेळी आमच्याकडे पाना एकच होता, तोही वॉर्डबॉयच्या खिशात.

मुंबईतलं बीकेसी, गोरेगावचं नेस्को किंवा पुण्याच्या सीओईपी मैदानावरच्या जंबो केंद्रात (कोविडच्या मोठ्या तात्पुरत्या रुग्णालयात) काम केलेलं कुणी आहे का इथे? एवढ्याशा जागेला मॅनिफोल्ड (अनेक सिलिंडर एकत्र जोडून एकाच नळीतून ऑक्सिजन देणारी जोडणी) पुरतो की लिक्विड ऑक्सिजनची टाकीच बरी? टाकी म्हटली की २०२१ची नाशिकच्या रुग्णालयातली ऑक्सिजन टाकीची गळती आठवते. आणि मांडवच घातला तर पावसाचं काय? निसर्ग वादळाच्या वेळी बीकेसीतले रुग्ण हलवावे लागले होते.

जेवणाच्या पंगतीचा हॉल वॉर्ड करावा की स्टेजकडचा, हेही सांगा. संडास पंगतीकडे आहेत.