मदत हवी आहे: जुनी चित्रं, कागद जतन करायचं पीजी शिक्षण कुठे घेऊ? बी.एस्सी. केमिस्ट्री, कुडाळ

नमस्कार मंडळी, मी कुडाळजवळची, यंदा बी.एस्सी. केमिस्ट्री झाले. पुढे जुन्या वस्तूंच्या जतनाचं म्हणजे कन्झर्व्हेशनचं एम.ए. करायचंय, पण इथे विचारायला कोणी नाही म्हणून हा धागा. कॉलेजात विचारलं तर म्हणाले, जंगल खात्याचा कोर्स का? नेटवर शोधलं तर निम्मे कोर्स इमारतींचे निघतात, त्यांना आर्किटेक्चरची डिग्री लागते. मला इमारती नकोत, कागद हवाय.

का ते सांगते, जरा लांबेल. आमच्या घरात चित्रकथीची पोथी आहे, पिंगुळीची ठाकर मंडळी रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर रंगवून गाऊन सांगतात ना, ती. दोन चित्रं पाठीला पाठ लावून खळीने चिकटवलेली असतात, पान उलटलं की पुढचा प्रसंग. सातवीत असताना एका पानाची फाटलेली कड मी सेलोटेपने जोडली, आजोबा तेव्हा खूश झाले होते. टेप कधीच सुटून पडली पण तिचा गोंद कागदात उतरलाय, बोटभर रुंदीचा मधाच्या रंगाचा तेलकट पट्टा, आणि तो इतका आत मुरलाय की मागच्या चित्रात मारुतीच्या शेपटीवरही दिसतो. एका टेपने दोन चित्रं खराब झाली. तेव्हापासून डोक्यात हेच आहे की दुरुस्ती करायची तर पुढे कुणाला ती सोडवता आली पाहिजे, आणि हे शिकवतात तरी कुठे.

आजोबा पोथी तांबड्या फडक्यात गुंडाळून वेखंडाचे तुकडे घालून पेटाऱ्यात ठेवतात. चूल होती तोवर धूर माळ्यापर्यंत जायचा, गॅस आला आणि कसर वाढली असं ते म्हणतात, मला ते पटतं. यंदा हवेतला दमटपणा मोजायचं साधं हायग्रोमीटर आणून पेटाऱ्यात ठेवलं तर जुलैभर ८८ ते ९२ टक्के! ६५ च्या वर बरेच दिवस राहिलं की बुरशी धरते असं वाचलंय, मग आमच्याकडे ती धरणारच ना.

आता प्रश्न. नोएडाचं एम.ए. करू की मुंबईत काही बघू? आणि तिकडे एसी लॅबमध्ये शिकलेलं आमच्या कौलारू घरात उपयोगी पडतं का, की परत येऊन हात बांधूनच बसायचं? बाबांचं म्हणणं बी.एड. कर, जवळच्या शाळेत लागशील. शिवाय आजोबांच्या लहानपणी फाटकी पोथी नदीत सोडायचे, त्यामुळे एवढं शिकून काय वाचवणार हेही घरात ऐकावं लागतं. कोणी या लाइनमध्ये असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:
ताई, मी कागदावरच काम करतो, आधी मुंबईत होतो. नोएडाची संस्था म्हणजे आधीची दिल्लीची राष्ट्रीय संग्रहालय संस्था, १९८९ ची, आता भारतीय वारसा संस्था. तिथलं कन्झर्व्हेशनचं एम.ए. दोन वर्षांचं, केमिस्ट्री तुला तिथे कामीच येईल, सॉल्व्हंट आणि पीएच समजावून सांगावे लागणार नाहीत. पात्रता मात्र यंदाच्या जाहिरातीतच बघ. बडोद्याचा म्युझिऑलॉजी विभाग १९५२ पासूनचा, नावाजलेला, पण म्युझिऑलॉजी म्हणजे मुख्यतः संग्रहालय चालवणं, हाताचं काम हवं असेल तर हा फरक लक्षात घे. लखनौला १९७६ पासून केंद्र सरकारची जतन प्रयोगशाळा आहे, तिथे ट्रेनिंग होतात. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कन्झर्व्हेशन सेंटर आहे, अर्ज करण्याआधी तिथे एकदा जाऊन काम बघता येतं का विचार, या कामात तासन्‌तास एकाच कडेवर बसावं लागतं, ते झेपतं का कळेल. नोकऱ्या कमी आहेत हे खरं, बरेच जण प्रोजेक्टवर जगतात, बाबांना हे लपवू नकोस.

एसीचं म्हणशील तर लॅबमध्ये शिकतेस ते कागद का मरतो हे. जपानी टिश्यू म्हणजे दुरुस्तीचा पातळ पण चिवट कागद, तो आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ तुझ्या घरीही तशीच चालते, पाण्याने सुटते, फक्त पावसात खळ लावायची नाही, किडीला आणि बुरशीला ती आवडते. आणि तो टेपचा डाग स्वतः काढायला जाऊ नकोस, ॲसिटोन तर अजिबात नको, रंग किंवा त्याला कागदाला धरून ठेवणारा बाइंडर त्यात हलला तर परत येत नाही. आधी फोटो काढून ठेव, आणि हायग्रोमीटरचे आकडे रोज वहीत लिही, इंटरव्ह्यूला ती वही घेऊन जा.

धागाकर्ती:
दादा खूप आभार. वही आजपासून सुरू, सकाळी ९१ होतं. ॲसिटोनची बाटली कॉलेजातून मागणारच होते, बरं झालं सांगितलंत. फोटो दसऱ्यानंतर काढते, त्याआधी पोथीचं फडकं सोडायला आजोबा देणार नाहीत. एकच विचारते, पाठीला पाठ चिकटवलेली पानं लॅबमध्ये सुटी करतात की तशीच ठेवतात? आजोबांना ती सुटी केलेली चालणार नाहीत, गाताना पान उलटावंच लागतं.