शब्दचर्चा : समुद्रलिलीचा देठ, स्तंभ की आणखी काही?

वेणा
मी स्टुटगार्टजवळ राहते. इथली मराठी मुलं लवकरच जीवाश्म बघायला जाणार आहेत, आणि त्यांच्यासाठी मी एक छोटी मराठी पुस्तिका लिहिते आहे. विषय एकच, एन्क्रिनस लिलीफॉर्मिस नावाची समुद्रलिली. सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वी, मध्य ट्रायासिक काळात, आजच्या जर्मनीच्या मोठ्या भागावर उथळ समुद्र होता. त्याच्या तळाला चिकटून राहणारा हा प्राणी आता नामशेष झाला आहे. इथल्या मुशेलकाल्क चुनखडीत त्याचे अवशेष मुबलक सापडतात.

माझं घोडं शरीराच्या वर्णनात अडलं आहे. खाली दीड मीटरपर्यंत लांब दांडा, वर पेल्यासारखा भाग, त्यातून निघालेले दहा हात. दांडा अखंड नसतो. एकावर एक बसलेल्या गोल चकत्यांचा असतो आणि प्रत्येक चकतीच्या मधोमध बारीक भोक असतं. मी 'देठ' आणि 'चकत्या' असं लिहिलं होतं. मजकूर तपासणाऱ्या ताईंनी (त्यांनी भारतात बरीच वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं आहे) दोन्ही शब्द काढले. वनस्पतीचा शब्द प्राण्याला लावला तर मुलं त्याला फूलच समजतील, म्हणून 'स्तंभ' आणि 'स्तंभखंड' लिहा, असं त्यांचं म्हणणं. मला ते दोन्ही शब्द मुलांच्या तोंडी बसतील असं वाटत नाही. शिवाय 'समुद्रलिली' की 'सागरकुमुदिनी' हाही प्रश्न आहेच. तुम्ही काय लिहिलं असतं?

पाटीपेन्सिल
देठच ठेवा. प्राण्याला कोणता शब्द चालतो आणि कोणता नाही, हे वर्गीकरण ठरवत नाही. देवमासा मासा नाही. तारामासा मासा नाही, तरी आपल्या दहावीच्या पुस्तकात तो कंटकचर्मी (काटेरी त्वचेच्या प्राण्यांच्या) संघाखाली, म्हणजे समुद्रलिलीच्याच संघात, सुखाने नांदतो आणि त्यामुळे कुठल्याही मुलाचं अडल्याचं मी शिकवताना पाहिलं नाही. आधी ओळखीचं नाव द्यावं, मग 'हा मासा नव्हे बरं का' हे एका वाक्यात सांगावं. मुलांच्या ते पक्कं लक्षात राहतं.

नावाचं म्हणाल तर लिली सोडू नका. ती या प्राण्याच्या नावातच आहे. ग्रीक 'क्रिनॉन' म्हणजे लिली, त्यावरून मिलरने १८२१ मध्ये सगळ्या गटाला 'क्रिनॉइडिया' म्हटलं. लामार्कने १८०१ मध्ये जातीचं नाव ठेवलं तेही 'लिलीच्या आकाराचा' अशा अर्थाचं. कुमुदिनी पाण्यावर तरंगणारी, तिचं आणि लिलीचं कूळ वेगळं. एक चुकीचं फूल काढून दुसरं चुकीचं फूल कशाला आणायचं?

नीलमोहर
'सागर' आणि 'समुद्र' यांतही फरक पडतो. सी ॲनिमोनला समुद्रपुष्प म्हणतात, तेव्हा शेजारी समुद्रलिली शोभून दिसते. सागरलिली म्हटलं की एखाद्या मुलीचं नाव वाटतं.

दगडधोंडे
वेणाताई, माझं शिक्षण भूशास्त्राचं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुलांच्या हातात काय येणार आहे याचा आधी विचार करा. अख्खी समुद्रलिली फार क्वचित मिळते. चकत्या एकमेकींना मऊ अस्थिबंधांनी जोडलेल्या असतात. प्राणी मेला की ते काही दिवसांत कुजतात आणि सगळा सांगाडा विखुरतो. गाळाने लगेच झाकलं गेलं, तरच पेला, हात, दांडा असं सगळं जागच्या जागी राहतं. म्हणून तुमच्या भागात या सुट्या चकत्यांचे थरच्या थर आहेत. जर्मन लोक त्या दगडाला ट्रोकायटनकाल्क म्हणतात, म्हणजे चकत्यांचा चुनखडक. तेव्हा दांड्याला काय म्हणायचं हा प्रश्न दुय्यम. खरा प्रश्न चकतीचा.

माझं मत 'मणी'. इंग्लंडच्या लिंडिसफार्न बेटावर अशाच चकत्या मिळतात. त्या एन्क्रिनसच्या नाहीत, त्याच्याहून जुन्या समुद्रलिलींच्या आहेत. लोक त्यांना सेंट कथबर्टचे मणी म्हणत आणि माळेत ओवत. भोक आहे, ओवता येतं, मग मणीच. जर्मनीत अशा चकत्यांना संत बोनिफेसचे पैसे म्हणत. संताच्या शापाने नाणी दगड झाली अशी कथा आहे.

आणखी एक गोष्ट पुस्तिकेत जरूर घाला. यातला प्रत्येक तुकडा कॅल्साइट या चुनखडीतल्या खनिजाच्या एकाच स्फटिकासारखा वागतो. ताजा फुटला की सपाट, चमकदार पृष्ठ दिसतं. दगडात इकडे तिकडे लखलखणारे ठिपके दिसले की समजायचं, हे कंटकचर्मी प्राण्याचं काम.

आजोळ
बोनिफेसचे पैसे वाचून शाळिग्राम आठवला. गंडकीतले शाळिग्राम म्हणजे अमोनाइट या चक्राकार शंखाच्या समुद्री प्राण्याचे जीवाश्म. त्यातल्या चक्राला आपण विष्णूचं चक्र म्हणतो, देव्हाऱ्यात पूजतो. मग समुद्रलिलीच्या चकत्यांना आपल्याकडे काहीच नाव कसं नाही?

दगडधोंडे
कारण महाराष्ट्राचा बहुतेक भाग दख्खनच्या लाव्हाखाली आहे. काळ्या पाषाणात समुद्राचे प्राणी कुठून मिळणार? शेतात नांगराला चकती लागली असती, तर तिला नाव पडलं असतं. कच्छच्या ज्युरासिक खडकांत या दांड्यांचे तुकडे मिळतात. तिकडच्या गुराख्यांकडे एखादा शब्द असेल तर तो शोधायला हवा.

नीलमोहर
मणी सुंदर आहे, पण त्याच्याही पुढे जाऊया. 'मणका' का नको? मणक्यात मणीच आहे. एकावर एक बसलेले, मधून भोक, आणि मी वाचलं आहे त्याप्रमाणे या प्राण्याच्या त्या भोकातून चेतातंतू जातात. मग हा मणकाच झाला की! सबंध दांड्याला 'कणा' म्हणता येईल.

पाटीपेन्सिल
मणका मुळीच नको. कंटकचर्मी प्राणी अपृष्ठवंशी आहेत. पाठीचा कणा नसलेल्या प्राण्याला मणके आहेत असं लिहिलं, तर सातवीतला मुलगा पुढच्या परीक्षेत काय लिहील?

नीलमोहर
दादा, दोन प्रतिसादांपूर्वी तुम्हीच म्हणालात की वर्गीकरण शब्द ठरवत नाही. तारामाशाला माफी आणि मणक्याला बंदी?

पाटीपेन्सिल
मासा हा बोलीतला ढोबळ शब्द आहे, पाण्यात राहणारं काहीही त्यात येतं. मणका हा नेमका अवयव आहे. ज्या अवयवावरून प्राण्यांचे दोन मोठे भाग पाडले जातात, त्याचंच नाव दुसऱ्या कशाला देणं मला पटत नाही. यावर मी ठाम आहे.

भीमाकाठ
तुम्ही सगळे पुस्तकातून शोधताय. आमच्याकडे उसाला काय म्हणतात ते बघा. 'पेर'. एकावर एक पेर असतं, गाठीशी मोडतं. माझे चुलते ऊस विकत घेताना पेरं मोजायचे, लांब पेरांचा ऊस रसाचा. या प्राण्याचा दांडा विखुरतो तो पेरापेराने. 'पेर' दोन अक्षरांचा, मुलांना तोंडात बसणारा, आणि बोटालाही लागतो. बोटाची पेरं मोजून जप करतात. म्हणजे वनस्पतीचा शब्द प्राण्याला लागल्याचं उदाहरणही तयारच आहे. तुमच्या ताईंना हे दाखवा.

शब्दसंग्रही
भीमाकाठ यांच्या शब्दाला माझं अनुमोदन, पण एक काटा आहे. शाळेच्या वनस्पतिशास्त्रात पेर म्हणजे गाठीची जागा, जिथून पान फुटतं ती. दोन पेरांमधला भाग तो 'कांडं'. म्हणजे तुम्ही ज्याला पेर म्हणता त्याला पुस्तक कांडं म्हणतं.

व्युत्पत्तीही बघा. पेर हा 'पर्व'वरून आला. महाभारताची पर्वं, उसाची पेरं, दोन्ही सांधेच. तेव्हा तत्सम शब्दच हवा असेल तर 'स्तंभखंड'पेक्षा 'पर्वक' करा. लहान आहे आणि देशी शब्दाशी नातं राखून आहे.

आजोळ
'पर्व'चा पेर होताना व कुठे गेला? संस्कृतात 'परुस्' असाही शब्द आहे, अर्थ तोच, सांधा. पेर तिकडून आला असावा असं मला वाटतं.

शब्दसंग्रही
दोन्ही एकाच घरातले. पण पर्व वापरात राहिला, परुस् राहिला नाही. माझा कौल पर्वला.

दगडधोंडे
पेर आणि कांडं हा भेद इथे खरोखर उपयोगी आहे, म्हणून मध्ये पडतो. समुद्रलिलीच्या दांड्यातल्या सगळ्या चकत्या सारख्या नसतात. ठरावीक अंतराने एक मोठी येते, मध्ये लहान येतात. अनेक गटांमध्ये मोठ्या चकतीवरून बारीक, वळणारे तंतू फुटतात, त्यांनी प्राणी आधार पकडतो. शब्दसंग्रहींच्या हिशेबाने मोठी चकती ती पेर, लहान त्या कांड्यातल्या. एन्क्रिनसला मात्र दांड्यावर असे तंतू नव्हते. तो तळाशी एका चिकट बैठकीने शिंपल्यांना किंवा टणक तळाला धरून राहायचा.

'चकती' आणि 'मणी' हे दोन्ही शब्द वापरणार असाल तर एक अडचण आताच सांगून ठेवतो. सगळ्या समुद्रलिलींचे तुकडे गोल नसतात. तुमच्या जवळच होल्त्समाडेन आहे, तिथल्या संग्रहालयात वाहत्या ओंडक्याला लटकलेल्या सायरोक्रायनस या समुद्रलिलींची प्रचंड शिळा आहे, वय सुमारे १८ कोटी वर्षं. त्या कुळातल्या प्राण्यांचे तुकडे पंचकोनी किंवा ताऱ्यासारखेही असतात. मुलं एक दिवस तिथे जातीलच. पंचकोनी चकती? पेर मात्र कोणत्याही आकाराचं चालतं.

वेणा
मनापासून आभार. 'पेर' मला आवडलाय, ताईंशी बोलते. आता दुसरा अडथळा. हातांना 'हात' म्हणू की 'भुजा' की 'बाहू'? आणि पुस्तिकेत एक चौकट आहे: संघ कंटकचर्मी, वर्ग क्रिनॉइडिया, कुल एन्क्रिनिडी, प्रजाती एन्क्रिनस, जाती लिलीफॉर्मिस. दोन पालकांनी कळवलं की 'प्रजाती' आणि 'जाती' उलट झालंय, वर्तमानपत्रात वाघाची प्रजाती म्हणतात.

दगडधोंडे
हात म्हणा. पेल्याच्या काठावर पाच पट्टिका (सांगाड्याचे चपटे तुकडे) असतात, प्रत्येकीतून एक फांदी निघते आणि लगेच दुभागते, म्हणून पाचाचे दहा. पुढे प्रत्येक हातात तुकड्यांच्या दोन रांगा एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. ही एन्क्रिनसची खूण आहे, छायाचित्रात मुलांना दाखवा. हातांना दोन्ही बाजूंनी बारीक पिसांसारखे उपहात असतात. त्यांनी पाण्यातले अन्नकण पकडून ते खोबणीतून तोंडाकडे पाठवले जातात. तोंड वर, हातांच्या मधोमध. तारामाशाचं खाली असतं. दहाही हात मिटलेले जीवाश्म मिळतात तेव्हा खरीच कळी दिसते.

पाटीपेन्सिल
वेणाताई, चौकट बरोबर आहे, बदलू नका. मराठीत प्रजाती मोठी, जाती तिच्या पोटातली. वर्तमानपत्रं हिंदीवरून 'प्रजाती' घेतात आणि जातीच्या जागी घालतात.

नीलमोहर
पण आज मराठी वाचणारे शंभरातले बहुतेक जण प्रजाती म्हणजे वाघ, बिबट्या असंच समजतात. शब्दाचा अर्थ वाचणारे ठरवतात, पाठ्यपुस्तक मंडळ नाही. आणि 'जाती' शब्द मुलांसमोर आला की पहिला अर्थ कोणता येतो, हे आपण सगळेच जाणतो. लोकांनी तो टाळून प्रजाती उचलला असेल तर मी त्यांच्या बाजूने आहे.

शब्दसंग्रही
असं करत गेलो तर मोठ्या गटाला शब्दच उरणार नाही. काही जुन्या लेखनात त्यासाठी 'वंश' वापरलेला आढळतो. वंश एन्क्रिनस, जाती लिलीफॉर्मिस. हा मार्ग सर्वांना चालेल का?

पाटीपेन्सिल
वंश म्हटलं की पुन्हा पृष्ठवंश आठवतो. आधी मणक्याने छळलं, आता हा.

दगडधोंडे
तुम्ही शब्दांवर भांडताय आणि त्या चौकटीतला खरा वाद राहून गेला. एन्क्रिनस कोणत्या उपवर्गात, यावर अभ्यासकांची मतं बदलत आली आहेत. पर्मियन काळाच्या अखेरीस, सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी, समुद्रलिलींचा जवळजवळ सगळा पसारा संपला. पूर्वी एन्क्रिनसला त्या जुन्या पसाऱ्याचा मागे उरलेला वारस मानत. त्याच्या पेल्याच्या तळाशी आतल्या बाजूला एक लहानसं, जवळजवळ लपलेलं पट्टिकांचं वर्तुळ आहे, ते जुन्यांशी जुळतं. पण पेल्यात गुदद्वाराची वेगळी पट्टिका नाही, आणि हातांच्या सांध्यांत स्नायूंच्या खाचा आहेत. ही आजच्या समुद्रलिलींची लक्षणं, म्हणून आता त्याला आर्टिक्युलाटा उपवर्गात ठेवतात. माझ्या मते वेणाताईंनी उपवर्ग जरूर लिहावा. नामशेष झाला तो एन्क्रिनस, समुद्रलिली नव्हे. १८६४ मध्ये नॉर्वेच्या लोफोटेनजवळच्या खोल पाण्यातून दांड्याची जिवंत समुद्रलिली वर आली, तेव्हा जीवशास्त्रज्ञांमध्ये केवढी खळबळ उडाली होती. आजही सहाशेच्या आसपास जाती आहेत.

आजोळ
अंदमानला पाण्याखाली पिसांसारखे हात हलवणारा एक प्राणी पाहिला होता. वाटाड्या त्याला फेदर स्टार म्हणाला. तोही यांच्यातलाच का?

दगडधोंडे
यांच्यातलाच. लहानपणी त्यालाही दांडा असतो, मोठा होताना तो टाकून देतो आणि मोकळा फिरतो. मराठीत त्याला 'पिसतारा' म्हणायला हरकत नाही.

शब्दसंग्रही
'पिसतारा' नको, 'पिच्छतारा' करा. पीस सुटं असतं, पिच्छ म्हणजे पिसारा.

नीलमोहर
पिसतारा ऐकताच कळतो. पिच्छतारा समजावून सांगावा लागेल.

भीमाकाठ
पिसताराच. पण माझा पेरांचा मुद्दा राहिला. शब्दसंग्रही, पुस्तकातलं पेर म्हणजे गाठ, हे कुणी आणि कुठल्या भागातलं ऐकून ठरवलं? आमच्या सोलापूर, पंढरपूर पट्ट्यात पेर म्हणजे दोन गाठींमधला तुकडा. बोटाचं पेरही दोन रेषांमधलं. कोल्हापूर, सांगलीकडे आणि नाशिककडे ऊस लावणारे इथे कुणी असतील तर सांगा, तुमच्याकडे बेणं तोडताना 'दोन पेरांचं' म्हणतात की 'दोन डोळ्यांचं'?