चांदीच्या वायरीने तानपुरा खरंच उघडतो का?

गिरणगावकर: काल 'सुरेल' यांनी लिहिलं की तांब्याची स्पीकर वायर काढून चांदीची लावली आणि तानपुऱ्याच्या चारही तारा सुट्या ऐकू आल्या. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. राहवलं नाही म्हणून लिहितोय. चांदी तांब्याहून चांगली वाहक, मान्य. पण कितीने? जेमतेम ६ टक्क्यांनी. अडीच स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर छेदाची) तांब्याची वायर, अँप (अँप्लिफायर) ते स्पीकर ३ मीटर, जाऊन-येऊन ६ मीटर. रेझिस्टन्स साधारण ०.०४ ओहम. समोर स्पीकर ८ ओहमचा. त्यातले ६ टक्के वाचवून काय मिळवलंत? स्पीकर वीतभर अलीकडे सरकवून तेवढी वायर कापली असती तर तेच झालं असतं, फुकटात. चांदीच्या वाटीत वाढली म्हणून कढी आंबट व्हायची राहत नाही.

सुरेल: तुम्ही आकडे ऐका, मी गाणं ऐकतो. वायर बदलल्याचं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. तरी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आज काय वेगळं लावलंय?" आता तिचाही भ्रम का?

गिरणगावकर: वहिनींना आवाज वाढलेला कळला असेल. अर्धा डेसिबल जास्त असला तरी माणसाला तो 'मोकळा' वाटतो. दोन्ही वायरींवर व्होल्टेज मीटरने जुळवून घ्या, बदलायला दुसऱ्याला बसवा, तुम्ही पाठ करून बसा. वीसदा ओळखा. जमलं तर वडापाव माझ्याकडून.

सुरेल: ज्यांचे कान मीटरला टांगलेत त्यांच्याकडे परीक्षा द्यायला मी शाळेत नाही. वडापाव तुम्हीच खा.

ग्रँटरोडचा_बंड्या: चांदी राहू द्या हो, आधी तांबं तरी तांबं आहे का? लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानातून 'शंभर टक्के कॉपर' म्हणून बंडल आणलं. उचलतानाच हलकं लागलं. घरी ब्लेडने खरवडलं तर आत पांढरी तार! ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ॲल्युमिनियम वाहतं तांब्याच्या ६१ टक्के. परत न्यायला गेलो तर म्हणे, "कापलेला माल परत नाही."

समुद्रकाठी: अय्या, मग माझीही तसलीच का? वरळीला राहते, पारदर्शक वायर दोन पावसाळ्यांत आतून हिरवीगार.

ग्रँटरोडचा_बंड्या: हिरवी म्हणजे वरून तरी तांबं आहे. आतलं खरवडल्याशिवाय कळणार नाही. टोकं कापा, नवी सोला, घट्ट आवळा.

समुद्रकाठी: तेच तर! गेल्या वर्षी डावा स्पीकर करकरायला लागला. मेकॅनिक म्हणाला अँप गेला. साडेतीन हजार घेतले, करकर तशीच. शेवटी भाच्याने टोकं कापून परत जोडली आणि बंद. त्या साडेतीन हजारांचं अजून पोटात दुखतं.

गिरणगावकर: खाऱ्या हवेत खरा घोळ टोकांवर होतो. प्लगला सोन्याचा मुलामा असतो तो गंजू नये म्हणून. वाहक म्हणून सोनं तांब्याच्याही मागे. आणि चांदी काळी पडते, देव्हाऱ्यातलं निरांजन बघा.

सुरेल: म्हणजे वायरीमुळे आवाज बदलतो हे तुम्हीच म्हणताय! धन्यवाद.

गिरणगावकर: सांध्यामुळे बदलतो म्हणतोय, धातूमुळे नाही. तुमची जुनी वायर कधीची?

सुरेल: २००९.

गिरणगावकर: आणि पंधराएक पावसाळ्यांत टोकं एकदाही सोलली नाहीत ना? मग फरक ऐकू आला असेलही. घ्या, दिलं तुम्हाला. आता तीच जुनी वायर टोकं कापून परत लावा आणि तानपुरा ऐका.

सुरेल: बायकोने भंगारवाल्याला दिली.

ग्रँटरोडचा_बंड्या: एक विचारू? भाव कसला लावला त्याने?

सुरेल: ...ॲल्युमिनियमचा.