पाचवीत हातच्याची वजाबाकी येत नाही, थांबू की अपूर्णांक सुरू करू?

नवी_बाई
नमस्कार सगळ्यांना. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षण सेवक आहे, पाचवीचा वर्ग, पोरं ३४. गणितात अपूर्णांक सुरू करायची वेळ आलीय पण दहाबारा पोरांची हातच्याची वजाबाकीच चुकते, त्यातल्या काहींचं तर एकक दशकच धड नाही. थांबले तर अभ्यासक्रम मागे राहतो आणि संकलित चाचणीचा पेपर काही माझ्यासाठी थांबणार नाही, पुढे गेले तर ही पोरं फळ्यावरचं नुसतं उतरवून घेतात आणि वह्या एकदम सुंदर दिसतात. डीएडला प्रभुत्व अध्ययन म्हणून एक टीप पाठ केली होती, म्हणजे एक पायरी पक्की झाल्यावरच पुढची, त्यातलं शिक्षणतज्ज्ञ ब्लूमचं नाव आणि पक्कं म्हणजे चाचणीत ८० टक्के एवढंच आठवतंय. एकटीने ३४ पोरांत ते करायचं कसं हे त्या टिपेत नव्हतं.
दुसरी अडचण म्हणजे पोरं बोलतच नाहीत. समजलं का विचारलं की सगळा वर्ग एका सुरात होऽऽ. जुन्या जाणत्या कुणी सांगाल का, तुम्ही काय करायचात?

सरळ_बोलतो
मॅडम पुढे चला. मागचं पाचवीत निस्तरत बसलात तर हुशार पोरांचं नुकसान. कच्च्यांना शाळा सुटल्यावर अर्धा तास घ्या, विषय संपला.

जुनी_पाटी
ताई, मी निवृत्त झालो पण सगळी नोकरी वर्गावरच झाली, त्यातली बरीच वर्षं बीडमधल्या आष्टी पाटोद्याकडे. थोडं लांबण लागेल, चालवून घ्या.

पहिलं म्हणजे समजलं का हे विचारणंच सोडा. नाही म्हटलं की उभं राहावं लागतं हे पोराला पहिलीतच कळलेलं असतं. त्यापेक्षा तास संपताना कागदाचा चिटोरा द्या आणि एकच गणित घाला, ४०२ वजा १५८. नाव टाकायचं, मार्क नाहीत, वहीत शेरा नाही. बरोबर उत्तर २४४, ते किती जणांचं आलं हे नंतर बघा, आधी चुकलेले चिटोरे वाचा. ३५६ आलं असेल तर पोरगं प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतंय, वर काय खाली काय त्याला फरक नाही, म्हणजे दशक मोकळा करणं त्याच्यापर्यंत पोचलेलंच नाही. २५४ आलं असेल तर त्याला हातचा कळलाय पण शून्य दिसल्यावर त्याने उडी मारली, शतकातून थेट एककाला उसना आणला आणि शून्यातून पाच जात नाहीत म्हणून पाच तसाच खाली उतरवला. आणि ५६० वाल्याने तर सरळ बेरीजच केलीय, त्याला चिन्ह बघ रे एवढं पुरे. तुमची ती दहाबारा पोरं एकाच तऱ्हेने चुकत नाहीत, त्यांना एकत्र बसवून तोच पाठ परत घेतला तर निम्म्यांना तो नको असतो आणि उरलेल्यांना पुरत नाही. वरच्या भाऊंनी सांगितलेला शाळा सुटल्यानंतरचा अर्धा तास इथेच वाया जातो, शिवाय सगळी घरी निघालेली असताना मागे थांबवलेलं पोरगं अख्ख्या गावाला दिसतं.

ब्लूमने १९६८ ला जे मांडलं ते थोडक्यात असं, की शिकवा, छोटी चाचणी घ्या, चुकलेल्यांना दुसऱ्या रीतीने शिकवा आणि मग तशीच पण वेगळी चाचणी घ्या. त्यातलं दुसऱ्या रीतीने हेच सगळे विसरतात आणि तेच गणित मोठ्या आवाजात परत सांगतात. ३५६ वाल्यांना मी खेळातल्या नोटा द्यायचो, शंभराच्या चार आणि एकाच्या दोन. दुकानदाराला १५८ द्यायचेत, दे. पोरगं नोटांकडे बघतं आणि म्हणतं गुरुजी सुट्टे नाहीत. मग आण सुट्टे. शंभराची मोडली की दहाच्या दहा येतात, त्यातली एक मोडली की एकाच्या दहा. हे हाताने आठदहा वेळा केलं आणि प्रत्येक वेळी शेजारी पाटीवर लिहिलं, तरच ते कागदावर उतरतं, नुसत्या नोटा खेळवून काही होत नाही हेही सांगतो. २५४ वाल्यांना नोटा अगदी थोड्या लागतात, त्यांचं घोडं फक्त शून्यापाशी अडलेलं असतं. तीनचार दिवसांनी नवा चिटोरा, ५०३ वजा २६७. आणि पंधराएक दिवसांनी न सांगता सवरता बेरजांच्या मधे एक वजाबाकी पेरायची, कारण आज आलेलं पंधरा दिवसांनी येतंच असं नाही.

ज्यांना येतं त्यांनी तोवर काय करायचं? उत्तर २४४ येईल अशी शाब्दिक उदाहरणं बनवायची, एकात तरी दोनदा मोडावं लागलं पाहिजे. सगळ्यात हुशार पोराला मास्तर करू नका, त्याला दुसऱ्याला का येत नाही हेच कळत नाही. परवाच ज्याला जमलंय त्याला बसवा शेजारी, तो जास्त चांगलं सांगतो.

आता पोरं बोलत नाहीत ते. हे वेगळं काम समजू नका, चिटोरा खरा यायला हवा असेल तर पोराला तुमची भीती नसली पाहिजे, नाहीतर तो शेजाऱ्याचं बघून २४४ लिहील आणि तुम्ही खूश व्हाल. मी रोज एक चुकलेली वजाबाकी नाव न घेता फळ्यावर लिहायचो आणि विचारायचो, असं उत्तर कसं आलं असेल ते शोधा. हळूहळू पोरं स्वतःच म्हणायला लागतात की गुरुजी ते माझंय. आमच्याकडे दिवाळीच्या सुमाराला निम्मा वर्ग ऊसतोडीला जायचा, हंगामी वसतिगृहात राहिली ती राहिली, बाकीची मार्च एप्रिलला परत यायची आणि मागच्या ओळीत गप बसायची. त्यांना आल्या आल्या पाठ कुठवर झाला ते सांगायचंच नाही. फडात दिवसाला किती मोळ्या बांधल्या, गाडीत किती बसतात, काट्यावर किती टन भरला, हे विचारलं की पोरगं सुटतं आणि आपण तीन महिने शिकवलेल्यापेक्षा जास्त हिशेब त्याच्या तोंडी निघतो. घरच्यांनी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, किती घेतली आणि किती फिटली हे मात्र वर्गात कधी विचारू नये, तो घरचा मामला आहे, पोराची मान खाली जाते.

दोन_शिक्षकी
गुरुजी, मान्य सगळं. पण आमची शाळा पहिली ते चौथी, शिक्षक दोन, त्यातला एक निवडणुकीच्या यादीच्या कामावर. उरलेल्याने खिचडीचा हिशेब लिहायचा, आजच्या आज पाठवा म्हणून आलेली ऑनलाइन माहिती भरायची आणि चिटोरे कधी वाचायचे? प्रत्येक पाठाला असं केलं तर जूनचं पुस्तक पुढच्या जूनला संपेल. पाहणीला आलेले साहेब चिटोरे बघत नाहीत, अभ्यासक्रम कुठवर आला ते बघतात.

जुनी_पाटी
प्रत्येक पाठाला करायचंच नाही. स्थानिक किंमत, मोडून वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि अपूर्णांक म्हणजे नेमकं काय, एवढ्यावर अडून बसायचं. पाचवीच्या पुस्तकात रोमन संख्या आहेत, त्या एका तासात उरका, कच्च्या राहिल्या तरी सहावीत कुणाचं काही अडत नाही. असं तीनचार पाठांत वेळ वाचवला की वजाबाकीला मिळतो. गणिताचंच हे जास्त, कारण त्यात एक पायरी निसटली की वरच्या सगळ्या हलतात, परिसर अभ्यासात तसं नसतं. आणि चिटोरे वाचायला तुम्हाला वाटतो तेवढा वेळ लागत नाही, एकच गणित आहे, उत्तर बघून ढीग करायचे. खिचडी शिजेपर्यंत होतं.
तुमच्या शाळेत तर एक सोय आहे जी ताईंकडे नाही. चारही वर्ग तसेही एका खोलीत, मग चौथीचं पोरगं दुसरीच्या घोळक्यात बसलं तरी कुणी हसत नाही. आंध्रातल्या ऋषी व्हॅली या शिक्षणसंस्थेने अशा बहुवर्ग शाळांसाठीच कार्डांची शिडी केली, ज्याने त्याने आपल्या पायरीवरून चढायचं. तेवढी कार्डं आपल्याच्याने होत नाहीत, मी दहावीस केली आणि तीच झिजेपर्यंत वापरली.

बीएडची_मास्तरीण
मी बीएडला शिकवते म्हणून थोडी दुसरी बाजू. ब्लूमचा १९८४ चा दोन सिग्मावाला लेख सगळे डोक्यावर घेतात (सिग्मा म्हणजे प्रमाण विचलन, मुलांचे गुण सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप), एकास एक शिकवणी आणि सोबत प्रभुत्व अध्ययन असेल तर साधारण विद्यार्थीसुद्धा वर्गातल्या वरच्या दोन टक्क्यांत जातो वगैरे. एवढा मोठा फरक नंतरच्या अभ्यासांत सहसा आलेला नाही. रॉबर्ट स्लाव्हिन या संशोधकाने १९८७ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले तर प्रमाणित चाचण्यांवर परिणाम जवळजवळ शून्य आणि अभ्यासकांनी स्वतः काढलेल्या चाचण्यांवर बेताचा. उलट १९९० मध्ये कुलिक आणि सहकाऱ्यांनी शंभरावर अभ्यास एकत्र केले त्यात सरासरी अर्धा सिग्मा निघाला आणि मागे पडलेल्यांना जास्त फायदा झालेला दिसला. म्हणजे जादू नाही पण अर्धा सिग्मा शाळेच्या मानाने खूप झाला. स्लाव्हिनचा आक्षेप वेळेचा होता, कच्च्यांना दिलेला वेळ येतो कुठून, पक्क्यांच्या वाट्यातूनच ना? त्यामुळे सरळ_बोलतो यांची शंका अगदीच टाकाऊ नाही. गुरुजींनी जी उदाहरणं बनवायला लावली तसं काही नसेल तर पक्की पोरं नुसती खिडकीबाहेर बघत बसतात.

सरळ_बोलतो
चला, मला कुणीतरी अर्धे मार्क दिले 😄

नवी_बाई
गुरुजी आज शेवटच्या तासाला ४०२ वजा १५८ दिलं. तुम्ही लिहिलं तसेच ढीग पडले हो! ३५६ चा सगळ्यात मोठा, २५४ चे थोडे, ५६० एकच आणि तो आमचा सगळ्यात बडबड्या. पण दोन जणांचं ३४४ आलंय ते कळेना. आणि हे सगळं निस्तरेपर्यंत अपूर्णांक थांबवू का? मुख्याध्यापक विचारायला लागलेत.

जुनी_पाटी
३४४ वाल्यांना सगळं येतंय. बारातून आठ गेले चार, नवातून पाच गेले चार, आणि शतक मोडलंय हे विसरून चारातून एक वजा केला. त्यांना नोटा देऊ नका, कंटाळतील. मोडल्यावर वरचा अंक खोडून नवा लिहायचा, तोंडी ठेवायचा नाही, एवढी सवय लावा.

अपूर्णांक अजिबात थांबवू नका. अर्धा, पाव, पाऊण कळायला हातचा लागत नाही, उलट वजाबाकीत मागे पडलेलं पोरगं इथे पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या बरोबरीने उभं राहतं, ते त्याला फार हवं असतं. आठवड्यातून तीनदा वीस मिनिटं वजाबाकीचे घोळके, बाकी वेळ अपूर्णांक. मुख्याध्यापकांना ते चिटोऱ्यांचे ढीग दाखवा, तोंडी सांगण्यापेक्षा लवकर पटतं.
सुरुवात कागदाच्या गोल भाकरीने करा, चतकोर कोर म्हणजे काय हे घरात सगळ्यांना माहीत असतं. पुढे बेरीज आली की एक छेद दोन अधिक एक छेद तीन बरोबर दोन छेद पाच असं नक्की येणार, वरचे वर मिळवले खालचे खाली. त्यावर लगेच लसावि काढायला लावू नका. अर्धी भाकरी ताटात होती, वरून आणखी वाढली आणि आता अर्धीपेक्षा कमी झाली का रे, एवढंच विचारा आणि गप्प बसा. दोन छेद पाच हे अर्ध्यापेक्षा कमी आहे हे त्यांनी घडी घालून, कापून बघू दे, त्यात पूर्ण तास गेला तरी जाऊ दे.

नवी_बाई
सोमवारी नोटा आणि भाकऱ्या दोन्ही. खेळातल्या नोटा गणित पेटीत आहेत म्हणे, पेटीची किल्ली कुणाकडे आहे ते मात्र कुणालाच माहीत नाही.

दोन_शिक्षकी
आमच्याकडे पण तेच 😂 कुलूप तोडा, रजिस्टरला मी सही करतो.