वाफ दिसते की नाही? वाफ, बाष्प, वाफसा

लेकीने विज्ञानाच्या वहीत लिहिलं, 'चहाच्या कपातून वाफ निघताना दिसते', आणि बाईंनी खाली लाल रेघ मारून 'वाफ दिसत नाही' लिहिलंय. आता आपण जन्मभर काय बघतोय मग? वाफ आणि बाष्प वेगळे का?

— बाई बरोबर आहेत, पण फक्त विज्ञानाच्या तासापुरत्या :) पाण्याचा वायू झाला की तो दिसत नाही. पांढरं दिसतं ते हवेत गार होऊन परत पाणी झालेले बारीक थेंब. किटली चांगली खळाखळा उकळू दे आणि नळीच्या तोंडाशी बघ, पहिलं बोटभर अंतर रिकामं दिसेल, खरी वाफ तिथे आहे. (बघच फक्त, बोट घालू नकोस.)

— शब्द मुळात एकच हो. संस्कृत बाष्प, प्राकृतात बप्फ, मराठीत वाफ. संस्कृतात तर बाष्प म्हणजे आसवं पण. पुस्तकवाल्यांनी बाष्पीभवन घेतलं नि वाफ राहिली स्वयंपाकघरात, एवढाच फरक, त्यावरून पोरीचे मार्क कापू नयेत.

— स्वयंपाकघरातली वाफ काय कमी शास्त्रीय नाही! भाजीला 'एक वाफ काढ' म्हणतो तेव्हा वर ताट ठेवून त्यात पाणी ओततो ना, ते ताट गार राहतं, वाफ त्याला लागून पाणी होते आणि परत भाजीत टपकते, म्हणून भाजी करपत नाही. आणि वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट का, तर 1 ग्रॅम उकळतं पाणी 100 अंशांवरून अंगाच्या 37 वर येताना साधारण 63 कॅलरी देतं, वाफ नुसती पाणी होतानाच 540 देते, नि वर त्या पाण्याचे 63 वेगळेच. ह्याला पुस्तकात अप्रकट उष्मा म्हणतात. मोदकपात्राचं झाकण आपल्याकडे तोंड करून उघडलंत की लगेच प्रकट होतो.

— वाफसा राहिला. पावसानंतर रान वाफशावर आलं की पेरणी. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा, खाली टाकला तर फुटावा, चिखल नको नि धूळही नको. म्हणजे मातीच्या फटींत पाण्याबरोबर हवाही खेळती पाहिजे. नुसत्या ओलीला वाफसा म्हणत नाहीत, शहरातले लोक हमखास चुकतात इथे.

— किटली बघितली आत्ता, खरंच रिकामी फट दिसते! वाक्य 'पांढरं धुकं दिसतं' असं केलंय. बाईंनी धुक्याखाली रेघ मारली तर परत येते.