सहा कोनी पाणी अन् आमचा खारा बोअर

बोअरवाला (दर्यापूर तालुका): दिवाळीत आमच्या पारावर एक जण चुंबकाची नळी विकून गेला. तिच्यातून पाणी गेलं की रेणू सहा कोनी होतात, पेशीत लवकर शिरतात, गुडघे-मुतखडा-शुगर सगळ्यांवर चालतं म्हणे. साडेआठ हजार! माझं मत सरळ आहे: फसवणूक. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आपलं दुखणं पाण्याच्या कोनाचं नाही, मिठाचं आहे. मानकाप्रमाणे लिटरमागे विरघळलेले क्षार 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरी सोयच नसेल तर 2000. आमच्या बोअरला मीटर 2600 दाखवतो. नळीतून काढलेल्या पाण्यालाही 2600.

पऱ्हाटीवाला: भाऊ, तुम्ही भलतंच मोजून राहिले. क्षार कमी होतात असं तो म्हणालाच नाही, रचना बदलते म्हणाला. अमेरिकेतले प्रोफेसर पोलॅक यायनं पाण्याची चौथी अवस्था सांगितली हाय. अन् माह्या मायचे गुडघे दीड महिन्यात हलके झाले, ते काय खोटं?

रसायनवाली: दादा, पोलॅक यांना काही पृष्ठभागांना लागून पाण्याचा वेगळा थर दिसला, तो प्रयोग खरा. अर्थावर वाद आहे. पण थर मिलिमीटरच्या अंशाएवढा, तोही पृष्ठभागाला धरून. पेलाभर पाणी तसं होत नाही. मोकळ्या पाण्यात रेणूंमधले हायड्रोजन बंध सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या आसपास सुटतात नि दुसरीकडे जुळतात. नळीतली रचना पेल्यापर्यंत टिकेल कशी? कायमची सहा कोनी मांडणी पाहायची तर बर्फात. आणि काकू आधी पाणी किती प्यायच्या?

पऱ्हाटीवाला: दिवसाला दोन गिलास. आता सकाळी तांब्याभर, दुपारी तांब्याभर. वावरातही जात नाही सध्या. पण म्हणून नळीचं काहीच नाही असं कसं म्हणता?

आशाताई: गुडघ्याचं राहू द्या. आमच्या टोलीतल्या एका काकांनी नळीच्या भरवशावर शुगरच्या गोळ्या सोडल्या. पंधरा दिवसांनी चक्कर येऊन पडले. विकणाऱ्याला हे कोण विचारणार?

पऱ्हाटीवाला: गोळ्या सोडणं चूकच, ताई. माय तिच्या गोळ्या घेते. पण नळी काढू देत नाही, काय करू?

रसायनवाली: राहू द्या लावलेली. प्यायला मात्र ग्रामपंचायतीच्या आरओचं पाणी भरत जा, बोअरचं नको.