मदत हवी आहे: गाडीचा इसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) पोस्टाने दुरुस्तीला पाठवताना सोबत किल्लीही द्यावी का?

नमस्कार मंडळी. गाडी २०१३ची, १.३ लिटर कॉमन रेल डिझेल हॅचबॅक. मुक्काम सावंतवाडी. इसीएमच्या कनेक्टरमध्ये पावसाचं पाणी शिरलं आणि गाडी बंद पडली. स्टार्टर फिरतो, पण इंजिन पकडत नाही. किल्ली ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागत नाही, स्कॅनरला इसीएम सापडत नाही.

बॅटरी, फ्यूज, मेन रिले तपासून झालं. इसीएमच्या पिनांवर १२ व्होल्ट येतात, अर्थिंग ठीक आहे. इसीएमकडून सेन्सरना जाणारे ५ व्होल्ट मात्र गायब. एखादा सेन्सर शॉर्ट असला तरी ते बसतात, म्हणून सगळे सेन्सर एकेक करून सोडवून पाहिले, तरी शून्यच. पिनांवरचा हिरवा गंज कॉन्टॅक्ट क्लीनरने काढला, फरक नाही. त्यामुळे दोष बोर्डातच आहे, याची मला खात्री आहे.

भंगारातला इसीएम कृपया सुचवू नका, इमोबिलायझरचा (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) कोड जुळवायची सोय इथे नाही. नवा परवडत नाही. गाडी टो करून आंबोली घाटातून कोल्हापूरला नेणंही महागात जातंय. म्हणून फक्त इसीएम स्पीड पोस्टने पुण्याला पाठवायचा विचार आहे.

मूळ बोर्डच दुरुस्त झाला तर मेमरीतला कोड तसाच राहतो, हे माहीत आहे. पण मेमरीची चिपच गेली असेल तर? ज्यांनी असं काम पोस्टाने करून घेतलंय, त्यांनी इसीएमसोबत किल्ली आणि इमोबिलायझर बॉक्सही पाठवला होता का?